राघूची जोडीण

"परत न्या ते," मथुराबाई म्हणाली. बजरंगच्या हातातल्या झाकलेल्या टोपलीत काहीतरी फडफडत होतं.

"अगं, मादी हाय. राघूला जोडीण." मार्केट यार्डात पोती वाहून आलेला बजरंग उंबऱ्यावरच टेकला. "एकटा पडलाय म्हणून पिसं उपटतोय, असं जनावरांचा डॉक्टर म्हनला. छाती बघ त्याची. सोलल्यागत झालीय."

मथुराबाईला दिसत नव्हतं असं नाही. पण राघू तिच्या संभाजीचा होता. पिल्लू असल्यापासून त्यानंच वाढवलेला. संभाजी स्वारगेटजवळ ट्रकखाली गेला, तेव्हा घरात त्याचा एक फोटोही नव्हता. राघू तेवढा होता. तव्यावर भाकरी पडली की तो संभाजीच्याच आवाजात, त्याच्याच लाडिक तक्रारीनं म्हणे, "आये, वाढ की गं!" पोरगा गेल्यापासून ती त्या हाकेवर जगत होती. जोडीण मिळाली की राघू माणसाचं बोलणं सोडतो, असं तिनं ऐकलं होतं.

राघूनं आणखी एक पीस उपटलं. रक्ताचा थेंब आला. मथुराबाईनं तोंड फिरवलं.

"ऱ्हाऊ द्या मग," ती म्हणाली.

सुरुवातीला दोघं एकमेकांवर धावून गेली. मग एका दांडीवर बसू लागली. राघूच्या छातीवर हिरवी लव उगवली. दिवसभर त्यांची आपसात किचकिच चाले. माणसाचा शब्द मात्र राघूच्या तोंडून येईना. मथुराबाई पिंजऱ्याशी स्टो नेऊन भाकरी भाजायची, हिरवी मिरची पुढं करायची. "म्हण की रं, आये म्हण." राघू मान वाकडी करून बघे आणि जोडीणीकडे सरके.

शेवटी तिनं मादीला टोपलीत घालून शेजारच्या सरुबाईकडे ठेवलं. राघू ओरडत राहिला. बोलला नाही. मग त्यानं दाणापाणी सोडलं आणि छाती पुन्हा रक्तबंबाळ करून घेतली.

"इसरला तो आता," बजरंग खाली बघत म्हणाला.

"मी न्हाई इसरले."

"व्हय."

मथुराबाई उठली, टोपली घेऊन आली. पिंजऱ्याचं दार उघडताच मादी आत शिरली आणि राघूची उरलीसुरली पिसं चोचीनं विंचरू लागली.

दुपारी बजरंगनं मोरीतून मोठ्यानं टॉवेल मागितला.

"हळू बोला," टॉवेल देत ती म्हणाली. "आत्ताच डोळा लागलाय दोघांचा."