मूठभर श्वास

शेजारच्या खाटेवरील माणसाची छाती व्हेंटिलेटरच्या प्रत्येक श्वासासरशी भरून वर येई. बानाबाईची मात्र, तसल्याच यंत्रावर असूनही, जेमतेम हले. अतिदक्षता विभागाच्या काचेबाहेर उभा असलेला तिचा नवरा मुंजाबा सकाळपासून हेच पाहत होता.

"पाणी टँकरनं, चारा छावणीत, आता हवाबी रेशनवर व्हय?" तो डॉक्टर आदिनाथवर उसळला. "अँब्युलन्स सांगितलीय म्या. पोटभर हवा देतील अशा दवाखान्यात नेतो हिला."

आदिनाथने काचेतून यंत्रावरचे आकडे पाहिले. माणसांपेक्षा यंत्रांशी त्याचे अधिक जमे. सकाळी त्याने सारे समजावले होते, पण निम्मे इंग्रजीत. या अवस्थेत हलवले, तर बानाबाई वाटेतच जाईल हे त्याला दिसत होते.

बिडकीनकडचे मेंढरांचे चराऊ रान कंपन्यांच्या प्लॉटांत गेल्यापासून ती रस्त्यावर खडी वाही. तिथेच न्यूमोनियाने तिला गाठले. फुप्फुसाचा बराचसा भाग पाण्याने भरला होता. उरलेल्या थोड्या निरोगी पेशींवर सगळा श्वास लोटला असता, तर त्याही ताणाने फाटल्या असत्या.

आदिनाथ मुंजाबाकडे वळला. शहरात जपून ठेवलेली, कधी न वापरलेली आपली गावाकडची बोली त्याच्या ओठांवर आली.

"मामा, छावणीतनं आणलेलं उपाशी मेंढरू तुम्ही थेट हिरव्या घासात सोडता का?"

"येडा हाये का मी? पोट फुगून मरंल की ते! मूठ मूठ चारायचं, कडब्यात मिसळून."

"मामीचं फुप्फुस तसंच हाये. लई दिलं तर फाटंल."

"अन् तो शेजारचा?"

"त्याचं डोकं फुटलंय. फुप्फुस धडधाकट हाये."

मुंजाबाने त्याला आपादमस्तक न्याहाळले. "तुम्ही कुणाचे?"

"पिशोरच्या कचरू मेंढक्याचा."

"हात्तिच्या! मग सकाळपासून इंग्रजी कशापायी झाडत व्हता?"

आदिनाथ कानापर्यंत लाल झाला. मुंजाबाने खिशातून फोन काढला आणि अँब्युलन्सवाल्याला माघारी धाडले.

बानाबाईला पालथे निजवून, तोच आखडता श्वास देत दिवस गेले. मग एका दुपारी यंत्रावरचा दाब उतरू लागला. आखडलेले फुप्फुस, कोरड्या जमिनीत ओल मुरावी तसे, आतून सैल होत होते. आदिनाथने श्वास किंचित वाढवला. बानाबाईची बोटे हलली.

मुंजाबाने काचेवर टकटक केली आणि बंद मूठ उंचावून भुवयांनीच विचारले, वाढवली?

आदिनाथने आपली मूठ दाखवली आणि दुसऱ्या हाताने ती अर्धी झाकली. अर्धीच.

मुंजाबा समाधानाने बाकावर बसला. त्याला घाई नव्हती.