बाजरीच्या कोठीतला मास्क

मी मास्क बोलतोय. दचकू नका, करोनातला नव्हे. तो माझा कुणी लागत नाही. मी पाण्याखाली जाताना डोळ्यांवर आणि नाकावर चढवायचा, जाड काचेचा मास्क. उमेदीची वर्षं अंदमानच्या समुद्रात गेली आणि म्हातारपण आलं ते इनामगावात, बाजरीच्या कोठीत. नशीब कुणाला कुठे नेऊन टाकील, सांगता येत नाही!

माझा धनी सुदर्शन. घोड नदीत पोहायला शिकलेला हा पोरगा अंदमानला पर्यटकांना पाण्याखाली नेऊन एक बुडालेलं जहाज दाखवतो. उतरण्याआधी तो माझ्या काचेवर थुंकून बोटाने चोळायचा. पहिल्यांदा मला असा राग आला! मग कळलं, त्यामुळे काचेवर वाफ धरत नाही. पुढे ती थुंकी मी मानाने घेतली.

खाली ते जहाज कुशीवर निजलेलं. पाणी कोमट, अंघोळीला काढल्यासारखं. कठड्यावर प्रवाळ वाढलेलं, कप्तानाच्या खोलीत पिवळ्या माशांचा संसार. पर्यटक नसले तरी सुट्टीच्या दिवशी सुदर्शन सोबत्याला घेऊन तिथे उतरायचा. त्या ओसाड जहाजापाशी त्याला काय सापडायचं, ते त्याच्या डोळ्यांना चिकटून राहूनही मला कधी समजलं नाही.

गेल्या दिवाळीत तो मला गावी घेऊन आला, आईला दाखवायला. आई म्हणजे तुळजाबाई. सुदर्शनचे वडील, आप्पा, गेल्यापासून घरात एकट्या. शेत वाट्याने दिलेलं, दावणीला एक म्हैस. त्यांनी मला लांबूनच न्याहाळलं.

"ह्ये लावल्याबिगर पाण्यात जाता येत न्हाई व्हय?"

"कसं जाणार? कायच दिसत न्हाई," सुदर्शन म्हणाला.

झालं! तो निघायच्या आदल्या दिवशी बाईंनी मला उचललं आणि कोठीत बाजरीखाली पुरलं. मास्क नाही तर पोरगं जात नाही, असा त्यांचा सरळ हिशोब. सुदर्शनने सगळं घर पालथं घातलं. शेवटी हसून म्हणाला, "जाऊ दे आई, तिकडं दुकानात मिळतोय दुसरा." आणि गेला. तुळजाबाई कोठीला टेकून रडल्या, ते मी आतून ऐकलं. मलाही फार लागलं. आम्हा दोघांना एकाच माणसाने मागे ठेवलं होतं.

मग अंधार आणि कडुलिंबाच्या पाल्याचा वास. सोबतीला बाजरी, पण ती दळायला जायची, मी राहायचो. बाहेर तुळजाबाई म्हशीशी बोलत बसायच्या. म्हैस तरी किती उत्तरं देणार?

परवा दुपारी बाजरी काढताना त्यांचा हात मला लागला. त्या मला घेऊन थेट गोठ्यातल्या हौदाशी गेल्या. पदर खोचला. माझा पट्टा अंबाड्यात अडकला, तो ओढून बसवला आणि तोंड घातलं पाण्यात! ठसका लागला. वर आल्या, श्वास घेतला, पुन्हा तोंड घातलं. आत शेवाळ, हौदाचा तळ आणि वैरणीच्या काड्या. तरी बाई बघतच राहिल्या. हळूहळू माझ्या काचेआड पाणी साचलं. ते हौदाचं नव्हतं.

तेवढ्यात घरात फोन वाजला. सुदर्शनचा, व्हिडिओवरचा. एका हातात मी, दुसऱ्यात फोन. मला घट्ट लावलं की कपाळावर, गालांवर माझी लाल कड उमटते. आईच्या तोंडावरची ती खूण त्याने लगेच ओळखली.

"आई... तू माझा मास्क लावला व्हतास?"

"व्हय. मीच लपावला व्हता."

तो रागावला नाही. "काय दिसलं मग?"

"दिसतंय काय, शेवाळ. पण आत कुणाचाच आवाज येत न्हाई रं. तसलं तर हितं घरात बी हाय. त्याच्यापायी एवढ्या लांब कशाला गेलास?"

 त्यानंतरही फोन कुणीच ठेवला नाही.

आता मी खिडकीच्या खिळ्याला लटकतोय. रबर कडक होत चाललंय, फार दिवस टिकेन असं वाटत नाही. सुदर्शन, तुझ्यापाशी नवा मास्क आहे, मला ठाऊक आहे. माझी काही तक्रार नाही. पण मला न्यायच्या निमित्ताने तरी ये.