उपासाचा चेहरा

मी एक जुना उंबराचा फलक आहे. माझ्या अंगावर एक संत आणि दोन उंट राहतात. संताचे नाव मार मीना. उंटांना कुणी नावे दिली नाहीत, पण नावे ठेवणारे मात्र पुष्कळ भेटले.

नाईल नदीच्या काठी, नकादा गावातल्या एका लहानशा चर्चमध्ये डाव्या भिंतीवर माझी जागा आहे. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, भिंतीवर टांगलेल्या फळीला कसले आले आयुष्य? जरा ऐका तर खरे. पाण्याच्या एका बोळ्याने माझा चेहरा पुसला जाणार होता, आणि तो वाचला एका बाईच्या हट्टामुळे. ती बाई तेव्हा वारून अडीचशेच्या वर वर्षे झाली होती.

मला घडवले बिशारा नावाच्या चित्रकाराने, त्याच्या घराच्या अंगणात. आधी त्याने माझ्या अंगाला सरस फासला. त्यावर स्वतःच्या जुन्या सदऱ्याचे कापड चिकटवले आणि त्यावर खडू कालवून सात हात दिले. वाळल्यावर शंखाने घासघासून मला इतके गुळगुळीत केले की माशी बसली तरी घसरावी. मग रंग आले. पिवळ्यासाठी हरताळ, लालसाठी हिंगूळ, झग्यासाठी नीळ, केसांसाठी दिव्याची काजळी. पण रंगाची पूड म्हणजे नुसती धूळ, फुंकर मारली की उडून जाते. तिला धरून ठेवायला काहीतरी चिकट लागते. बिशारा त्यासाठी अंड्याचा बलक वापरी.

कोंबड्या होत्या त्याच्या बायकोच्या, दमियानाच्या. आणि दमियाना अंडी मोजून देई.

"काल दोन नेलीस, आज परत दोन? संत रंगवतोयस की तळतोयस?"

"उंट बाकी आहेत गं."

"मग उंटांना सांग, कमी खा म्हणावं."

म्हणून माझे उंट लहान झाले, असे मी सगळ्यांना सांगतो. खरे कारण वेगळे आहे. संत मोठा दिसावा म्हणून आमच्याकडे उंट नेहमीच लहान काढतात. पण मला पहिलेच कारण आवडते.

झगा झाला, उंट झाले, मागचे सोनेरी आकाश झाले. चेहरा राहिला. चेहरा शेवटी करायचा, हा चित्रकारांचा रिवाज. आणि नेमका तेव्हाच मोठा उपास लागला. ईस्टरआधीचे हे पंचावन्न दिवस आमचे इजिप्तचे ख्रिस्ती लोक मांस, दूध, अंडे काही तोंडात घालत नाहीत. डाळ, वाल आणि तेलावर दिवस काढतात.

"दमियाना, एक अंडं दे."

"उपास लागलाय. आता अंड्याचं नाव काढायचं नाही."

"खायला नकोय. रंगात घालायला हवंय."

"हो का? आणि कुंचल्याला टोक कशानं काढतोस? ओठांनी! दिवसातून शंभर वेळा! संताच्या दाढीआडून अंडं चाटशील आणि वर चर्चमध्ये जाऊन सांगशील, मी उपाशी आहे म्हणून."

बिशाराने बोलायला तोंड उघडले. त्याच्या खालच्या ओठावर तेव्हाही पिवळा ठिपका होता. त्याने तो बाहीने पुसला.

"अगं, ईस्टरच्या सकाळी हा फलक भिंतीवर लागायला हवा. मी शब्द दिलाय."

"मग दाराशी बाभूळ उभी आहे ना? तिला माग. तिचा डिंक उपासाला चालतो."

बिशारा पुटपुटत उठला, बाभळीच्या खोडावरचे डिंकाचे खडे काढले, पाण्यात भिजवले, फडक्यातून गाळले. अशा रीतीने माझा झगा बलकाचा आणि चेहरा डिंकाचा झाला. वाळलेला बलक पाण्याला दाद देत नाही. डिंक मात्र वर्षे लोटली तरी पाणी लागले की विरघळू लागतो. बिशाराला हे ठाऊक होते, म्हणून शेवटी त्याने सगळ्यावरून जवसाच्या तेलाचा पातळ हात फिरवला. खालच्या पट्टीवर दाभणाने कोरले: 'बिशाराच्या हातून, बरमहात महिन्यात पुरा झाला.' सोबत सालही घातले. बरमहात म्हणजे आमचा मार्चच्या सुमाराचा, सुगीचा महिना. ईस्टरच्या सकाळी मी भिंतीवर लागलो, आणि लोक म्हणाले, चेहरा कसा ताज्या भाकरीसारखा दिसतोय!

त्यानंतरची वर्षे माझ्या मोठ्या मानाची. नवऱ्या मुली माझ्यासमोर लाजत उभ्या राहिल्या. आयांनी तापलेल्या लेकरांना माझ्याखाली निजवले. प्रत्येकाने मेणबत्ती लावली, आणि दिव्यातल्या तेलाचे बोट माझ्या झग्याला लावून मग स्वतःच्या कपाळाला लावले. प्रेम फार झाले की काय होते, ते माझ्याकडे पाहून शिकावे. तेल काळवंडले, त्यावर काजळी बसली, काजळीवर पुन्हा तेल. शंभर वर्षांत संत कोळशासारखा झाला, दोनशे वर्षांत उंट दिसेनासे झाले. पोरे माझ्यासमोर भांडत. एक म्हणे कुत्री आहेत, दुसरा म्हणे बदके. मी काय बोलणार?

मग एका भाविकाने कैरोहून मार मीनाची छापील तसबीर आणली. तिच्याभोवती लाल-हिरवे दिवे लुकलुकत. मित्रांनो, खोटे कशाला सांगू, मला तिचा फार हेवा वाटला. मला कपाटामागे ठेवले, मोडक्या बाकाच्या आणि खराट्याच्या शेजारी. तिथे मी तीस वर्षे काढली. चर्चची देखभाल करणारे अम्म बखूम तेवढे वर्षातून एकदा मला बाहेर काढत आणि पिसांच्या झाडणीने धूळ झटकत. 'अम्म' म्हणजे काका. सगळा गाव त्यांना तसेच हाक मारतो. ते दरवर्षी म्हणत, "बाबा, तुझं काहीतरी केलं पाहिजे." आणि परत कपाटामागे ठेवत.

एका हिवाळ्यात कैरोहून इरीनी नावाची डॉक्टरीण आली. माणसांची नाही, चित्रांची. तिने मला उजेडात धरले.

"अम्म बखूम, हे काय आहे?"

"मार मीना आहे, पोरी. खाली दोन उंट आहेत."

"दिसत तर नाहीत."

"मीही पाहिलेले नाहीत. आजोबा सांगायचे."

इरीनीने माझी अशी तपासणी केली की सोयरीक जुळवणाऱ्यांनीही केली नसती. भिंग लावून पाहिले, निरनिराळे दिवे टाकून पाहिले. मग झग्याच्या काठाला, जिथे रंग आधीच सुटला होता, तिथून सुईने खसखशीच्या दाण्याहून लहान कण उचलला.

"चेहऱ्याचाही घे की एक," अम्म बखूम म्हणाले.

"नाही काका. चेहऱ्याला सुई लावायची नाही, असा आमचा नियम आहे."

नियम चांगलाच होता. पण त्याच नियमाने पुढे माझा घात होणार होता.

दोन महिन्यांनी ती कैरोतल्या यंत्राचा निकाल घेऊन परत आली. "नीळ आहे, आणि ती अंड्याच्या बलकात घोटलेली. बलक पाण्याला घाबरत नाही. काजळी काढायला पाण्यातलं औषध बेधडक वापरता येईल."

मला टेबलावर आडवे निजवले. कापसाचे बोळे औषधात बुडवून ती तसूतसूने पुढे सरकू लागली. बोळे काळे होत गेले आणि झग्याचा निळा वर आला. तिसऱ्या दिवशी एक उंट उघडा पडला. त्याला बिशाराने लांब पापण्या काढल्या होत्या आणि तो चक्क हसत होता. अम्म बखूमांनी टेबलावर थाप मारली.

"आजोबा खरं सांगत होते! बघ कसा हसतोय, लबाड!"

त्या दिवशी त्यांनी सबंध गल्लीला बोलावून उंट दाखवला. मला आनंद झाला, पण धास्तीही वाटू लागली. कारण रोज बोळा वर वर सरकत होता. झगा संपला की मान, मानेवर दाढी, आणि मग तो डिंकाचा चेहरा. वरचे जुने तेल निघाले की त्याच बोळ्यातले पाणी खाली पोचणार, आणि बिशाराचे गाल, डोळे, दाढी सगळे कापसात उतरणार. हे जगात फक्त मला माहीत होते. मित्रांनो, माझ्या अंगावर तोंड आहे, ओठही आहेत, पण त्यातून शब्द फुटत नाही. याचे दुःख मला इतके कधीच झाले नव्हते.

चेहऱ्याचा दिवस उजाडला. इरीनीने खालची पट्टी तेवढी आधी पुसून घेतली आणि मग नवा बोळा औषधात बुडवला. तेवढ्यात अम्म बखूम जेवण घेऊन आले. थाळीत शिजवलेले वाल, वालाचे वडे आणि कांदा. मोठा उपास चालू होता ना!

"पोरी, आधी चार घास खा. उपाशी हाताने संताचं तोंड धुऊ नये."

"एवढा गाल करते, मग जेवते."

अम्म बखूम थाळी धरून तसेच उभे राहिले. उभ्या उभ्या त्यांची नजर खालच्या पट्टीवर गेली. अक्षरे लावून लावून ते मोठ्याने वाचू लागले. "बिशाराच्या हातून... बरमहात... अरे वा! म्हणजे हाच महिना! शेतात जावं आणि भरून आणावं, असं म्हणतात तो महिना." मग ते थबकले. "पण काय गं, तू तर म्हणालीस अंडं."

"हो. बलक."

"बरमहातमध्ये? भर उपासात? माझी बायको या दिवसांत कोंबडीकडे बघूही देत नाही. याच्या बायकोनं अंडं दिलं असेल होय?"

इरीनी हसली. हसता हसता तिचा हात हवेतच थांबला. बोळा माझ्या गालापासून बोटभर अंतरावर होता आणि त्यातून थेंब लोंबत होता.

"चेहरा शेवटी करतात," ती हळूच म्हणाली. "काका, झगा उपासाआधीचा असणार. पण चेहरा..."

तिने बोळा दूर नेऊन बशीत ठेवला. मगच थेंब पडला, बशीत.

दाढीखाली एक बारीक पापुद्रा आधीच सुटून जुन्या तेलात अडकला होता. नियम मोडण्याची गरजच पडली नाही. तिने तो सुईने उचलून काचेवर ठेवला, त्याच्या कडेला पाण्याचा थेंब सोडला आणि भिंगाला डोळा लावला. अम्म बखूम तिच्या खांद्यामागून वाकून पाहत होते. थाळीतले वाल निवत होते.

"काय दिसतंय?"

"विरघळतोय, काका. थेंब गव्हाळ झाला. डिंक आहे हा." तिने भिंग बाजूला ठेवले. "मी स्वतः उपास करते. सकाळीच चहात दूध नको म्हणून सांगितलं. तरी मला सुचू नये?"

"तू यंत्राला विचारलंस," अम्म बखूम म्हणाले. "यंत्र कुठं उपास करतं?" आणि त्यांनी थाळी तिच्यापुढे सरकवली. "खा आता."

पुढे कैरोतल्या यंत्रानेही डिंकच सांगितला. मग इरीनीने पाण्याचा अंशही नसलेले दुसरे औषध आणले आणि केसाएवढ्या कुंचल्याने वीस दिवस माझा चेहरा उजळला. आधी कपाळ, मग डोळे, आणि सगळ्यात शेवटी ओठ. तिने समोर आरसा धरला तेव्हा मला दमियानाच्या दारातली बाभूळ आठवली. त्या बाईने हट्ट केला म्हणून चेहरा नाजूक झाला हे खरे, पण त्याच हट्टाच्या आठवणीने तो वाचला हेही खरे. मी तिच्यावर कधीच रागावलो नाही.

ईस्टरच्या सकाळी मी पुन्हा डाव्या भिंतीवर लागलो. लुकलुकती तसबीर माझ्या शेजारीच आहे, आता आमचे बरे जमते. प्रार्थना संपली, लोक घरी जेवायला पांगले. अम्म बखूम मागे राहिले. त्यांनी खिशातून उकडलेले, कांद्याच्या सालीने तांबडे रंगवलेले अंडे काढले आणि माझ्याखालच्या फळीवर ठेवले.

"घे बाबा," ते म्हणाले. "पावणेतीनशे वर्षं उपास धरलास. आज सोड."

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी काळवंडलेली जुनी वस्तू असेल. सणाच्या आधी तिला चकचकीत करायची हौस तुम्हाला येईल. हौस चांगली आहे. पण ओले फडके उचलण्याआधी जरा थांबा. ती कुणी केली, कोणत्या दिवसांत केली, तेव्हा त्याच्या घरात काय शिजत होते, हे विचारा. ती वस्तू काही बोलणार नाही. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, आणि त्यांनी जेवायचे ताट आणले असेल तर आधी जेवून घ्या.

इरीनी कैरोला परत गेली. जाताना तिने काय करावे आणि काय करू नये याचे चार पानांचे सूचनापत्र चर्चला दिले. ते कपाटात आहे. माझ्याखाली मात्र अम्म बखूमांनी आपल्या वाकड्या अक्षरात लिहिलेला पुठ्ठा टांगलेला आहे, आणि झाडू मारायला येणाऱ्यापासून बिशपपर्यंत सगळे तो पाळतात: 'झग्याला फडके चालेल. चेहऱ्याला पाणी लावू नये. तो उपासाचा आहे.'