पट्टीवाचून रेघ

मित्रांनो, मी एक जुना ड्रॉइंग बोर्ड. बोलत नाही म्हणून माझ्यासमोर माणसं काही लपवत नाहीत, आणि मी पाहिलेलं विसरत नाही. सुतारानं रंधा मारून मला गुळगुळीत केलं, आणि नकाशांच्या कचेरीत रेघा आखणाऱ्या एका बाईंच्या टेबलावर मी तीस वर्षं काढली. बाईंची रेघ म्हणजे रेघ! साहेब नवख्यांना मुद्दाम ती दाखवायला आणायचे. पुढे कॉम्प्युटर आले, बाई निवृत्त झाल्या, मी त्यांच्या घरी आलो आणि माझ्यावर कांदे चिरले जाऊ लागले. तक्रार नाही, वास मात्र अजून जात नाही.

तिथंच मला कळलं, की बाईंचा उजवा हात कापतो. त्या चहा अर्धाच कप ओतायच्या. सही करायची वेळ आली की चष्मा हरवायचा. मुलाला कळलं तर तो गॅसला हात लावू देणार नाही, घराच्या किल्ल्या काढून घेईल, ही धास्ती. आणि त्याच मुलानं हौसेनं त्यांचं नाव चित्रमंडळात घातलं! "आई, तुझा हात म्हणजे सोनं." नाही म्हणावं, तर कारण सांगावं लागणार.

गुरुवारी दुपारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत बारा खुर्च्या गोल मांडल्या होत्या. मधोमध एक निवृत्त पोस्टमन चित्रासाठी बसला होता. मी बाईंच्या मांडीवर. त्यांची धडधड माझ्या लाकडात वाजत होती. बाईंनी काय करावं? पिशवीतून हळूच पट्टी काढली आणि पोस्टमनचं नाक पट्टीनं आखलं. मग खांदे. मग मिशासुद्धा!

तेवढ्यात घंटा वाजली. मंडळ चालवणाऱ्या ताई म्हणाल्या, "उठा, एक खुर्ची उजवीकडे! बोर्ड जागेवरच. शेजाऱ्याचं चित्र आता तुम्ही पुढे न्यायचं."

ही इथली रीत बाईंना कुणी सांगितलीच नव्हती. त्या पांढऱ्याफटक पडल्या.

बाई शेजारच्या खुर्चीत सरकल्या आणि त्यांच्या जागी, माझ्यापुढे, एक जाडजूड बसड्रायव्हर येऊन बसला. "अहो बाई, हा पोस्टमन आहे की पत्रपेटी?"

खोली हसली. बाई हसल्या नाहीत. "हात कापतो माझा," त्या म्हणाल्या. "पट्टी नसली की रेघ हलते." वर्षभरात पहिल्यांदाच हे त्यांच्या तोंडून बाहेर पडलं.

ड्रायव्हर ओशाळला. "मग हलू द्या की. पोस्टमन तरी कुठं स्थिर बसलाय? कधीचा डुलक्या देतोय."

बाईंनी पट्टी पिशवीत टाकली. घंटा वाजत गेली, त्या सरकत गेल्या, आणि एकेका कागदावर त्यांची थरथरती रेघ उमटत गेली. मला घाम फुटायचा तेवढा बाकी होता. कारण शेवटी सगळे कागद भिंतीवर लागणार होते, आणि बाईंना न्यायला मुलगा येणार होता.

तो आला. एकेका चित्रापाशी थांबत गेला. "आई, सगळ्या चित्रांत एक रेघ हलतेय. कुणाची गं?"

लपायला जागा उरली नव्हती. "माझी."

त्यानं एका हलत्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "डॉक्टरांकडे जाऊ."

"जाऊ. गुरुवार सोडून कधीही."

जिना उतरताना त्यानं मला घ्यायला हात पुढे केला. बाईंनी मला सोडलं नाही. दुसरा हात मात्र त्याच्या हातात दिला, कापणारा.

मित्रांनो, मला कोरड्या फडक्यानं पुसलंत तरी मी आणखी तीस वर्षं टिकेन. माणसांना विचारावं लागतं. घरातलं कुणी सारखं "काही नाही, बरी आहे" म्हणत असेल, तर एकदा शेजारी बसून विचारा. आणि खरं उत्तर येईपर्यंत उठू नका.