चौथ्या दारामागचा माणूस

कोराच्या कॉलेजातल्या मार्कांची सरासरी चारपैकी जेमतेम दोन पॉइंट सात होती. एवढ्यावर मेडिकलला घेतो कोण! बाकी सगळ्या कॉलेजांनी नकार कळवला होता. उरलं होतं नेब्रास्कातलं हे एकच. इथे मुलाखत घेणाऱ्यांना आधीचे मार्क दाखवत नाहीत. आठ दारं, प्रत्येक दाराआड एक प्रसंग, आणि तुम्ही आत कसे वागता त्यावर सगळं.

"मला तीन पॉइंट नऊ," कॉफीच्या टेबलापाशी, मुलाखतीलाच आलेला ट्रेंट म्हणाला. "तुला गं?"

"नको विचारूस. उगाच चक्कर येईल तुला."

मिसेस प्रुइट, व्यवस्था बघणाऱ्या बाई, टाळ्या वाजवत आल्या. "घंटा झाली की दाराकडे तोंड, दारावरचा कागद वाचा. पुढच्या घंटेला आत. त्यापुढच्या घंटेला बाहेर, एक दार पुढे. कॉरिडॉरमध्ये बोललात, मान वळवलीत, तर मार्क गेले, बाळांनो!"

झालं! काळ्या सुटातली सगळी पोरं ओळीने उभी, प्रत्येकाचं नाक दारापासून वीतभर. कुणी खोकतसुद्धा नव्हतं.

तीन दारं मस्त गेली. चौथ्यावर लिहिलं होतं: आत मिस्टर हास आहेत. त्यांची पत्नी ऑपरेशनमध्ये दगावली. त्यांना सांगा.

आत साठीचे गृहस्थ हसतमुख बसले होते. नटच ते, कॉलेजने पगार देऊन आणलेले. समोर भिंतभर आरसा, आरशामागे मार्क देणारे.

"बायको कशी आहे माझी?"

कोराने हळूच, नीट सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"बायको कशी आहे माझी?" तोच सूर, तेच हसू.

तिने पुन्हा सांगितलं.

"माझ्या पोराला पाण्यातून काढलं का हो?" आवाज बाईचा होता. मग घोगरा, "डॉक्टर, कापलेला पाय दुखतोय." मग अगदी बारीक, "आई कधी येणार?"

कोराच्या अंगावर सर्रकन काटा आला. या एका माणसात आजवरच्या भूमिकांमधली किती जणं बसली होती! काय नट आहे, असं क्षणभर वाटलंही तिला. पण त्यांची कॉलर घामाने चिंब होती, आणि खोली तर गारठलेली. बोटं शर्टाचं बटण नुसतीच चाचपत होती.

हे तिने पाहिलं होतं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी डॅडची साखर अशीच उतरायची. घामाघूम होऊन तो तिलाच 'आई' म्हणायचा. ती त्याला रस पाजत बसायची आणि केमिस्ट्री तशीच राहायची. तिचे मार्क तिथेच गेले होते.

"हे नाटक नाहीये!" ती आरशाला म्हणाली. आरशामागून कुणी उठून आलं नाही.

घंटा झाली. ती दार उघडून धावत बाहेर आली. या दाराशी आता ट्रेंट उभा होता, कागदावर डोळे लावून.

"ट्रेंट, आतला माणूस खरंच आजारी आहे!"

त्याचे ओठ जरासे हलले. "मला नको गंडवूस. हेही परीक्षेतलंच असणार."

"अरे कुणीतरी या ना!" ती ओरडली. ओळीतली एकही मान वळली नाही.

तिने कॉफीच्या टेबलावरून संत्र्याच्या रसाचा कप उचलला. परत येईतो घंटा झाली, सगळी दारं एकदम उघडली, एकदम मिटली. आत ट्रेंट वाकून हळुवारपणे सांगत होता, "मिस्टर हास, वाईट बातमी आहे..."

"सरक!" कोराने त्याला ढकललं आणि कप त्यांच्या ओठांना लावला. नशीब, अजून गिळता येत होतं.

प्रुइटबाई धापा टाकत आल्या. "तू पाचव्या दारात हवीस!" मग त्यांची नजर नटाकडे गेली आणि तोंडून त्याचं खरं नाव निघालं. "ऑरव्हिल? अरे देवा, इन्सुलिन घेतलं आणि जेवलाच नाही वाटतं हा!" त्यांनी फोन करून रुग्णवाहिका बोलावली. "तू जा गं, अजून वेळ आहे. जागा जाईल तुझी!"

"मध्येच ठसका लागला तर?" कोरा म्हणाली आणि तिथेच बसून राहिली.

घंटा झाली. ट्रेंट बाहेर गेला. उघड्या दारातून तिला ओळ दिसली. प्रत्येकजण एकेक दार पुढे सरकला होता. सहाव्या दारापुढे, तिच्या जागी, कुणीच नव्हतं. तरी बाजूच्या दोघांनी मध्ये बरोब्बर एका माणसाची जागा सोडली होती, तिथे कुणी उभं असल्यासारखी. पुढच्या घंटेला बाकीची दारं उघडली, मिटली. सहावं तसंच राहिलं. गेली जागा.

"तू कोण गं?" म्हातारा विचारत होता. हा आवाज तिने आधी ऐकलाच नव्हता, साधा, दमलेला.

"कोरा. अजून एक घोट घ्या."