धुरानंतर चार

वॉटी गेडिस पाहुण्यांना पहिली सूचना द्यायचे ती छत्रीची. विकत घेऊ नका. एडिंबराचा वारा पहिल्याच कोपऱ्यावर ती उलटी करून तुमच्या हातात देईल. मग बुटांची. फरसबंदी कायम ओली असते, गुळगुळीत तळव्यांचे बूट घातले असतील तर राजवाड्यापर्यंत घसरत, बसूनच जाल. कुत्र्याच्या पुतळ्याचं नाक घासू नका, त्याने नशीब उजळत नाही, नाक तेवढं झिजतं. शेवटची सूचना काल्टन टेकडीवर, दुपारी एक वाजायच्या जरा आधी.

"आता किल्ल्यावरून एकची तोफ उडेल. जो दचकेल तो पाहुणा. जो घड्याळ बघेल तो इथला."

थोड्याच वेळात समोर किल्ल्यावर पांढऱ्या धुराचा पुंजका दिसायचा, मागून आवाज यायचा, पाहुणे दचकायचे आणि वॉटी अगदी सावकाश मनगट वर करायचे. हशा व्हायचा. फेरी तिथेच संपायची.

भौतिकशास्त्राची पदवी घेऊन मी नोकरीची वाट बघत, वॉटी ज्या पर्यटन कंपनीत गाइड होते तिथेच फेऱ्या करत होते. गट मोठा असला की मला वॉटींच्या गटामागे चालायला पाठवत. टेकडीवर मात्र ते किल्ल्याकडे तोंड करून सगळ्यांच्या पुढे उभे राहत, त्यामुळे मला त्यांचे पाठीमागे बांधलेले हात दिसायचे. धूर दिसला की बोटं हलायची. एक, दोन, तीन, चार. चौथ्याला मनगट वर. किल्ला तिथून साधारण सव्वा किलोमीटर आहे आणि आवाजाला जवळपास चार सेकंद लागतात, म्हणजे हिशेब चोख होता. पण ज्याला ऐकू येतं तो असा हिशेब कशाला करेल?

त्यानंतर मी लक्ष ठेवू लागले. एका बाईंनी स्वच्छतागृह कुठे आहे असं विचारलं, तर वॉटींनी चेटकिणींना कुठे जाळायचे ते दाखवलं. लोक आधी हसले. मग कंपनीकडे तक्रारी येऊ लागल्या.

दुपारी सूप पिताना मी त्यांना कानाच्या यंत्राबद्दल विचारलं. माझ्या ओठांकडे बघत त्यांनी ऐकून घेतलं. यंत्र आहे म्हणाले, घरी खणात. बाहेर घातलं तर त्यात नुसता वारा ऐकू येतो. आणि घरात, बायको, जीन, गेल्यापासून, ऐकण्यासारखं काही होत नाही. मग त्यांनी माझा पाव उचलला आणि म्हणाले की एवढं शिकलेल्या मुलीने लोकांच्या कानात डोकावू नये.

पुढच्या आठवड्यात कचेरीतून निरोप आला. कंपनीच्या व्यवस्थापक इनेस लॉकहार्ट गुरुवारच्या फेरीला येणार होत्या. त्यांना पटलं तर वॉटींचा हा हंगाम पक्का, नाहीतर ही फेरी शेवटची.

गुरुवारी समुद्रावरून धुकं आलं. खालच्या रस्त्यांवर वॉटी न थांबता बोलत राहिले, कोणाला काही विचारायला जागाच ठेवली नाही. लॉकहार्टबाई दोनदा हसल्यासुद्धा. पण टेकडीवर पोहोचलो तर किल्ला नव्हता. जवळच्या मनोऱ्याचं टोकही नव्हतं. करड्या भिंतीसमोर वीसेक माणसं उभी होती.

वॉटींनी मला बाजूला घेतलं.

"धूर दिसणार नाही, पोरी."

हे त्यांनी पहिल्यांदाच कबूल केलं होतं. मी म्हटलं, मोबाइलवर वेळ बघून खूण करते. त्यांनी नकारार्थी मान हलवली. तोफ माणूस उडवतो, सेकंद इकडेतिकडे होतो. खूण आवाजावरच व्हायला हवी. मग मी सुचवलं की आवाज आला की मी टोपी काढते.

"लाल आहे ना ती?" त्यांनी टोपी निरखून पाहिली. "जीनने ही तुला घालू दिली नसती. पण दिसेल."

मी गट ओलांडून त्यांच्यासमोर थोडी बाजूला जाऊन उभी राहिले. ते लोकांना सांगत होते की पूर्वी बंदरातली जहाजं या मनोऱ्यावरचा गोळा बरोबर एकला खाली पडताना बघून घड्याळं लावायची. धुक्यात तो दिसेना, म्हणून तोफ सुरू केली. "ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी," ते म्हणाले.

तोफ उडाली. सगळे दचकले. एका मुलीच्या हातातली कॉफी सांडली. मी टोपी काढली.

वॉटींनी टोपी पाहिली. त्यांचा चेहरा उजळला, हात पाठीमागे गेले, आणि ते मोजू लागलेत हे मला कळलं. इतकी वर्षं धुराची खूण दिसली की त्यांनी मोजलं होतं. आज खूण आणि आवाज एकदमच आले होते, आणि हे आम्हा दोघांपैकी कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

"ऐका हं," ते बोट वर करून म्हणाले. "आता आवाज येईल."

मग अतिशय सावकाश मनगट वर केलं आणि घड्याळ बघितलं.

कोणीतरी गंमत समजून हसलं. बाकीचे हसले नाहीत. लॉकहार्टबाईंनी आपलं घड्याळ आधीच, आवाजाबरोबर, पाहिलं होतं, त्या इथल्याच. आता त्या माझ्या हातातल्या टोपीकडे बघत होत्या.

गट पांगल्यावर त्या वॉटींच्या अगदी समोर उभ्या राहिल्या आणि ओठ नीट दिसतील असं, एकेक शब्द सुटा करून बोलल्या. वॉटी मान डोलवत राहिले. त्यांच्याशी कोणी तसं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं.

पायऱ्या उतरताना वॉटींनी मला विचारलं, "किती उशीर झाला?"

मी चार बोटं दाखवली.

"म्हणजे मोजायला चुकलो नाही," ते म्हणाले, आणि ओल्या दगडांवर जपून पावलं टाकत बसच्या थांब्याकडे गेले.

सोमवारी त्यांची फेरी मला मिळाली. आकाश स्वच्छ होतं. मी त्यांचीच सूचना त्यांच्याच शब्दांत दिली, कारण दुसरी सुचली नाही. किल्ल्यावर धूर दिसला. माझे हात कोटाच्या खिशात होते, बोटं मोजत नव्हती, आणि आवाज आला तेव्हा मी दचकले.