चौदाव्या रॅकवरची खूण

वहिनींचं नाक गेलं त्याला तीन महिने झाले होते, आणि हे शेडमध्ये कुणालाच ठाऊक नाही असं वहिनी धरून चालल्या होत्या.

नाक होतं जागच्या जागी. वास तेवढा येईना. आता एखाद्या कारकुनाला वास आला काय नि न आला काय, दोन शिंका द्यायच्या आणि कामाला लागायचं. पण वहिनींचं कामच मुळी वास घेण्याचं. त्यांच्या धाकट्या दिरानं अळ्या पाळायला सुरुवात केली ती घराच्या मागच्या खोलीत, साठ ट्रेंवर. ट्रेमध्ये गव्हाचा कोंडा, वर गाजराचे काप, आणि आत वळवळणाऱ्या बोटाच्या पेराएवढ्या पिवळ्या अळ्या. नातलगांनी यथेच्छ नाकं मुरडली. दिराच्या सासूबाईंनी वर्षभर त्या घरात पाण्याचा घोटही घेतला नाही. वहिनी मात्र सकाळी उठून एकेका ट्रेवर वाकायच्या आणि सांगायच्या, "भाऊजी, हा बिघडणार बघा. यातलं ओलं काढा." अळ्या गर्दीनं तापतात, त्यात गाजर जास्त पडलं की तळाचा कोंडा कुजतो आणि डोळ्यांना झोंबणारी वाफ सुटते. ती डोळ्यांपर्यंत पोचायच्या आदल्या दिवशीच वहिनींना कळायचं. त्या खोलीतला एकही ट्रे कधी वाया गेला नाही.

आता साठाचे सहा हजार झाले होते. पत्र्याची लांबलचक शेड, छतापर्यंत रॅक, बारा बायका, चार पुरुष. कोंबड्यांच्या आणि माशांच्या खाद्यासाठी पोत्यांनी माल जात होता, आणि एक बिस्किटांची कंपनी अळ्यांचं पीठ घ्यायचं म्हणत होती. माणसांच्या तोंडी आपला माल जाणार म्हटल्यावर दिराचे पाय जमिनीला लागेनात. सहा हजार ट्रे एका बाईनं हुंगायचे म्हणजे नाकी नऊ येणारच. म्हणून दर रॅकमधले तीन ट्रे वहिनींनी ओढून बघायचे आणि ठीक वाटलं तर खांबावर खडूनं बरोबरची खूण करायची असं ठरलं. खूण असेल तर रॅक पुढे. नाहीतर उपसून कोरडा करायचा.

घात केला तो चाळणीनं. खोलीत असताना वहिनी हातानं चाळायच्या. इथं चाळणयंत्र दिवसभर धडधडायचं, आणि अळ्यांच्या विष्ठेची, कातींची बारीक पिवळी धूळ शेडभर तरंगायची. आधी शिंका आल्या, मग खोकला, मग छातीत शिट्टी, आणि एका सकाळी सगळे ट्रे सारखेच. कशालाच वास नाही. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "ही धूळ तुम्हाला चालत नाही. काम बदला, नाहीतर दम लागायला लागेल." वहिनींनी चिठ्ठीची घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि परत शेडमध्ये गेल्या. आठवी शिकलेली, पन्नाशीला टेकलेली बाई. नाक वगळलं तर तिथं त्यांना कोण विचारणार होतं?

तेव्हापासून त्या वाकत होत्या, श्वास ओढत होत्या, मान डोलवत होत्या, खूण करत होत्या. खरं काम करताना त्या कधी एवढ्या दमल्या नव्हत्या. घरी गेल्यावर चप्पल काढायला वाकायचंही जिवावर यायचं.

तीन महिने नशिबानं निभावलं, आणि मग चौदावा रॅक आला.

गाजराची बादली घेऊन फिरणाऱ्या बाईला सगळे गाजरवाली म्हणायचे. चुणचुणीत बाई, सहा महिन्यांपूर्वी लागलेली. ती रॅकपाशी थबकली. "वहिनी, इथं जरा उग्र येतंय का हो?"

वहिनींनी ट्रे ओढला, वाकल्या, नेहमीसारखा लांब श्वास घेतला. काहीच नाही. हो म्हणावं तर कशाच्या आधारावर? आणि ही कालची आलेली बाई आपल्याआधी सांगते म्हणजे काय? "काही नाही गं," त्या म्हणाल्या, "तुझ्या बादलीचा वास असेल." आणि खूण केली.

दोन दिवसांत चौदावा रॅक मेला. शंभर ट्रेंमधल्या अळ्या काळ्या पडल्या आणि त्यांचा कोंड्यात लगदा झाला. ते उपसताना बायकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वहिनींचेही डोळे झोंबत होते, नाकाला मात्र पत्ता नव्हता. दुपारपर्यंत दिरानं निकाल लावून टाकला: गाजर जास्त घातलं, चूक गाजरवालीची, उद्याचा दिवस भरून तिनं जावं. गाजरवालीनं वहिनींकडे एकदा पाहिलं, आणि बादली धुवायला गेली. वहिनींच्या नाकापुढे आपलं कोण ऐकणार, हे तिलाही कळत होतं.

ते पाहणं वहिनींना सहन होईना. त्या दिराच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

"भाऊजी, तिला काढू नका. तिनं मला सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही." मग एका दमात बोलून टाकलं, "मला वास येत नाही. तीन महिने झाले."

दीर कागदांतून मान वर न काढता म्हणाला, "माहीत आहे."

"माहीत आहे?"

"घरात दूध करपून धूर झाला आणि तू शेजारी बसून भाजी निवडत होतीस. दादानं सांगितलं मला तेव्हाच."

वहिनी खुर्चीवर बसल्या. नवऱ्याला माहीत, दिराला माहीत, आणि आपण वेड्यासारख्या रोज वाकून श्वास ओढत होतो! "मग मला थांबवलं का नाही?"

"शेड बघायला येणाऱ्या गिऱ्हाइकांना तूच आवडतेस, वहिनी. यंत्र सगळ्यांकडे असतं, असं नाक नसतं." त्याचा आवाज मऊ झाला, आणि तेच जास्त लागलं. "उद्या बिस्किटवाले येतायत. मेलेल्या रॅकचं विचारतील. तुझं नाव सांगू का त्यांना? उद्यापुरतं वाकून दाखव. मग तुला ऑफिसात बसवतो, धुळीबाहेर."

तो वाईट माणूस नव्हता. सहा हजार ट्रेंनी त्यालाही पिळून काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी बिस्किटवाले आले, एक पुरुष आणि एक बाई, डोक्याला जाळीच्या टोप्या. दिरानं तिसऱ्या रॅकमधले दोन ट्रे बाहेर काढून टेबलावर मांडले. "आमचा प्रत्येक रॅक वहिनींच्या नाकाखालून जातो," तो म्हणाला.

वहिनी वाकल्या. अळ्या कोंड्यात खसखसत होत्या. त्यांनी श्वास ओढला, छातीत शिट्टी वाजली. आता फक्त मान डोलवायची होती. मान काही हलेना. त्यात शौर्य वगैरे नव्हतं. खोटं बोलायचं त्राणच उरलं नव्हतं.

"मला वास येत नाही," त्या सरळ होत म्हणाल्या. "तीन महिने झाले. मेला तो रॅक मीच पुढे पाठवला. या गाजरवालीनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. हिला विचारा."

गाजरवालीनं दिराकडे पाहिलं. दीर जमिनीकडे बघत होता. तिनं बादली खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि दोन्ही ट्रेंवर वाकली. चांगली सावकाश वाकली.

"हा चांगला आहे," ती म्हणाली. "तो दुसरा आजच्या आज कोरडा करा."

पाहुण्या बाईनं दुसऱ्या ट्रेचा तळ उकरला, बोटं चोळून पाहिली आणि वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते दिराला दिसलं नाही, आणि वहिनींनी पाहिलंही नाही. त्या गाजरवालीजवळ सरकल्या.

"चांगल्याला कसा येतोय गं वास?" त्यांनी हळूच विचारलं.

गाजरवाली पुन्हा वाकली. "ताज्या भाजलेल्या गव्हासारखा."

"हो," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. "तसाच असतो."